वर्तुळाला चढ कळत नाही

बेलूर म्हटलं की डोळ्यांसमोर हासन जिल्ह्यातलं होयसळांचं देऊळ उभं राहतं. हे बेलूर ते नव्हे. धारवाड सोडून बेळगावच्या दिशेने पुणे-बंगळूर महामार्गाला लागलं की त्या पट्ट्यात उच्च न्यायालयाचं खंडपीठ लागतं, पाणी आणि जमिनीच्या व्यवस्थापनाचं शिक्षण देणारी ‘वाल्मी’ ही सरकारी संस्था लागते (धारवाडची आयआयटी २०१६ साली सुरू झाली ती याच वाल्मीच्या आवारात), आणि टाटांच्या बसगाड्या जिथे बांधल्या जातात ती बेलूर औद्योगिक वसाहतही लागते. आपल्याला हवं आहे ते हे बेलूर.

समजा, या वसाहतीतल्या एखाद्या कारखान्यापासून एक किलोमीटरच्या आत काय काय येतं, असं कुणी विचारलं. संगणकावर नकाशा उघडायचा, कारखान्याच्या ठिपक्यावर टिचकी मारायची, ‘बफर’ निवडायचं आणि १००० हा आकडा भरायचा. ठिपक्याभोवती एक गोल उमटतो. ठिपक्याऐवजी नदी असेल तर दोन्ही काठांनी सारख्या रुंदीचा पट्टा, तलाव असेल तर त्याच्या आकाराची फुगवलेली प्रतिकृती. प्रकल्पांच्या पर्यावरण अहवालात १० किलोमीटर त्रिज्येचं अभ्यासक्षेत्र असतं ते असंच काढलेलं. सर्वोच्च न्यायालयाने ३ जून २०२२ रोजी संरक्षित जंगलांभोवती किमान एक किलोमीटरचा संवेदनशील पट्टा ठेवायला सांगितलं, तोही असाच सरसकट, आणि पुढच्याच वर्षी २६ एप्रिलला न्यायालयालाच तो आदेश सैल करावा लागला. सगळ्या देशाला एकच माप बसत नाही, हे त्या वेळी नव्याने कळलं.

वर्तुळाला जमिनीबद्दल काहीही माहीत नसतं. कारखान्याच्या वरच्या अंगाला काय आहे आणि खालच्या अंगाला काय आहे, मधे ओढा आहे की कडा, याच्याशी त्याचं देणंघेणं नाही. म्हणून जीआयएस, म्हणजे संगणकावरच्या नकाशांचं तंत्र, शिकणारा चुणचुणीत विद्यार्थी पहिली दुरुस्ती सुचवतो ती अशी: नकाशावरचं अंतर आडवं असतं, माणूस चालतो तो चढावरून, तेव्हा चढाची तिरकी लांबी मोजा, म्हणजे बफर भूरूपाप्रमाणे होईल.

ऐकायला बरोबर वाटतं. आकडा मांडून पाहू. उपग्रहाने मोजलेल्या उंचीचा नकाशा म्हणजे चौकोनांचं जाळं असतं आणि प्रत्येक चौकोनात त्या जागेची उंची लिहिलेली असते. फुकट मिळणाऱ्या नकाशांत हा चौकोन साधारण ३० मीटरचा. एका चौकोनातून शेजारच्या चौकोनात जाताना ६ मीटर चढायचं आहे असं धरा, म्हणजे १:५ चा चढ. पुण्याच्या टेकड्यांवर बांधकामबंदीची वेस म्हणून ज्याच्यावरून वर्षानुवर्षं भांडणं चालू आहेत, तोच हा १:५. पायथागोरसाने तिरकी लांबी काढली तर येते ३०.६ मीटर. फरक ६० सेंटिमीटरचा, दोन टक्क्यांचा. ४५ अंशांचा कडा असेल तर ४१ टक्के, पण ४५ अंशांच्या कड्यावर बफर कुणाला हवं असतं? धारवाडच्या आसपासच्या सौम्य माळावर तर हा फरक शोधूनही सापडायचा नाही. एवढा खटाटोप करून वर्तुळ जेमतेम दोन टक्क्यांनी आक्रसतं आणि पहिल्याइतकंच अडाणी राहतं.

तिरक्या लांबीतून फारसं काही हाती लागत नाही. फरक पडतो तो दिशेने आणि कष्टाने.

अमेरिकी भूगोलतज्ज्ञ वॉल्डो टोबलर यांनी १९९३ साली डोंगरात चालणाऱ्याच्या वेगाचं एक सूत्र मांडलं. स्विस नकाशाकार एडुआर्ड इम्होफ यांच्या मोजमापांवर ते बेतलेलं आहे. सपाटीवर माणूस ताशी सुमारे ५ किलोमीटर चालतो. सगळ्यात जास्त वेग मात्र सपाटीवर नसतो, तो अगदी हलक्या उतारावर असतो: शंभरात पाच. तिथे ताशी ६. उतार त्याहून वाढला की वेग पुन्हा पडतो, कारण गुडघे सांभाळावे लागतात. सिंहगड उतरलेल्या कुणालाही हे सूत्राशिवाय ठाऊक आहे. आता दहा मिनिटांत माणूस किती लांब जाईल? सपाटीवर ८४० मीटर. १:५ च्या उतारावर ५९०. त्याच चढावर ४२०. लांबीत दोन टक्के, पोहोचण्यात निम्म्याने फरक. दहा मिनिटांचं खरं बफर त्यामुळे गोल नसतं. डोंगराकडे चेपलेलं, खोऱ्याच्या बाजूला पसरलेलं आणि खिंड असेल तिथे जीभ काढून बाहेर आलेलं असं ते असतं.

हे काढायचं तर संगणकाला प्रत्येक चौकोनातून शेजारच्या आठ चौकोनांत जायला किती वेळ लागतो ते सांगावं लागतं आणि मग सुरुवातीच्या ठिपक्यापासून सगळीकडे कमीत कमी वेळात कसं पोहोचता येईल ते शोधायला लावावं लागतं. ही शोधाची रीत एड्सगर डाइकस्ट्रा या डच शास्त्रज्ञाची. १९५६ साली ॲमस्टरडॅममधल्या एका कॅफेत होणाऱ्या बायकोबरोबर कॉफी पिता पिता, कागद-पेन्सिलीशिवाय, वीसेक मिनिटांत त्यांनी ती जुळवली. छापून आली १९५९ मध्ये. आज फोनवरचा नकाशा रस्ता दाखवतो तो याच घराण्यातल्या युक्तीने. १० बाय १० किलोमीटरच्या तुकड्यात ३० मीटरचे एक लाख अकरा हजारांच्या आसपास चौकोन येतात. साध्या लॅपटॉपला ते काही क्षणांचं काम आहे.

इथे एक गोम आहे आणि तयार अवजारं वापरणारे बरेच जण तिथे घसरतात. जाण्याचा वेळ आणि येण्याचा वेळ सारखा नसतो. डोंगराच्या पायथ्याशी विहीर आहे, वाडी वर आहे. विहिरीपासून बाहेर दहा मिनिटांचं बफर काढलं तर ते विहिरीकडून वाडीकडे चढतानाचं निघतं; वाडीकडून विहिरीकडे उतरतानाचं हवं असेल तर चढ-उताराचं चिन्ह उलटं करावं लागतं. पण खरा प्रश्न यातला कुठला? बाई खाली उतरते तेव्हा हंडा रिकामा असतो, वर येते तेव्हा डोक्यावर भरलेला. मोजायचा तो परतीचा वेळ आणि तोही ओझ्यासकट. टोबलरच्या सूत्रात हंडा नाही. तो स्क्रिप्टमध्ये आपण घालायचा असतो. पायवाट सोडून रानातून चालणाऱ्यासाठी वेगाला ०.६ ने गुणा आणि घोडेस्वारासाठी १.२५ ने, एवढी सोय मात्र टोबलरनीच करून ठेवली आहे. धारवाडच्या पूर्वेला काळी माती आहे. तिथे जमीन जवळपास सपाट, म्हणून सूत्र खुशाल ताशी पाच किलोमीटर सांगतं; श्रावणात त्या रानातून दहा पावलं चाललेला माणूस चपला हातात घेऊन हसेल. भूरूपाचा विचार करायचा तर नुसता चढ पुरत नाही, पायाखालची मातीही धरावी लागते.

आपल्या कायद्यात याला एक चांगली जागा आहे आणि तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. शिक्षणहक्काच्या २०१० च्या केंद्रीय नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत हवी. इथवर वर्तुळच. पण पुढे असंही म्हटलं आहे की अवघड भूभाग, दरडी, पूर, रस्त्यांचा अभाव यांमुळे मुलांना धोका असेल तिथे ही अंतरं कमी करून शाळेची जागा ठरवावी. किती कमी, ते सांगितलेलं नाही. ते सांगणं हेच स्क्रिप्टचं काम.

स्क्रिप्ट हा शब्द आतापर्यंत दोनदा येऊन गेला, तेव्हा ती कशी असते ते एकदा जवळून पाहू. क्यूजीआयएस हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आणि त्यात पायथन भाषेतल्या वीस-पंचवीस ओळी. पहिली ओळ नकाशाचं माप बदलते. उपग्रहाचा उंचीनकाशा अक्षांश-रेखांशांत येतो, म्हणजे आडवं अंतर अंशांत आणि उंची मीटरमध्ये. तसाच ठेवून चढ काढला तर सगळा धारवाड तालुका नव्वद अंशांची भिंत होतो. त्यात १००० चं बफर मागितलं तर यंत्र हजार अंशांचं बफर द्यायला निघतं. पृथ्वीच मुळात ३६० अंशांची. काही जण एक किलोमीटर म्हणजे ०.००९ अंश असा तोंडी हिशोब करतात. धारवाडच्या अक्षांशावर एक अंश उत्तर-दक्षिण सुमारे ११०.६ किलोमीटर, पूर्व-पश्चिम १०७.३. वर्तुळ तीन टक्क्यांनी चेपतं. त्यामुळे आधी मीटरच्या जाळ्यात यायचं. भारतातल्या या पट्ट्यासाठी ते जाळं म्हणजे यूटीएम या प्रक्षेपणाचा ४३ क्रमांकाचा विभाग, ७२ ते ७८ पूर्व रेखांश, आणि त्याची मधली रेषा ७५ अंशांची. ही रेषा धारवाड शहरातूनच जाते. त्यामुळे बेलूरला या प्रक्षेपणात चूक जवळपास नाहीच. किलोमीटरमागे चाळीसेक सेंटिमीटर. मुंबई, पुणे, कोल्हापूर याच विभागात येतात, नागपूर मात्र ४४ मध्ये. अख्ख्या महाराष्ट्राची एकच स्क्रिप्ट चालवणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं.

दुसरी ओळ उंचीनकाशाचा हवा तेवढा तुकडा कापते, आणि तो हव्या त्याहून मोठा कापायचा असतो. एक किलोमीटरचं बफर हवं म्हणून बरोबर एक किलोमीटर कापलं, तर टेकडीला वळसा घालून येणारी सोपी वाट तुकड्याच्या बाहेर राहते आणि पलीकडची वस्ती उगाच दूर दिसते. मग ग्रासमधलं ‘आर-वॉक’ हे अवजार. ग्रास हे सॉफ्टवेअर १९८० च्या दशकात अमेरिकी लष्कराच्या बांधकाम प्रयोगशाळेत जन्मलं आणि आज जगभरच्या विद्यापीठांत आहे. आर-वॉकमध्ये चढाचा आणि उताराचा हिशोब वेगवेगळा असतो. निघालेल्या वेळनकाशात ‘६०० सेकंदांहून कमी’ एवढी अट घातली की दहा मिनिटांचा भाग वेगळा होतो, त्याची कड रेषेत बदलायची, झालं. कडेला पायऱ्यापायऱ्यांसारखे दात दिसतात. ते घासून गुळगुळीत करायचा मोह होतो, तो मी आवरायला सांगेन. ३० मीटरच्या माहितीतून निघालेली रेषा आहे, ती तशी दिसली म्हणून बिघडत नाही.

आतापर्यंत माणूस चालत होता. पाणी चालायला लागलं की नियम साफ बदलतात, कारण पाणी चढतच नाही. कारखान्यातून निसटलेलं रसायन कुठे जाईल या प्रश्नात वरच्या अंगाचा अर्धा गोल निव्वळ निरर्थक आहे आणि खालच्या अंगाला एक किलोमीटरवर थांबायला काही कारण नाही. धारवाडमध्ये हे फार ठळक होतं, कारण हा मुलूख पाणी दुभंगणाऱ्या धारेवर बसला आहे. शाल्मलेचा उगम धारवाडच्या सोमेश्वराशी मानतात. तिचं पाणी बेडतीतून मागोडचा धबधबा उतरतं आणि गंगावळी या नावाने अंकोल्याच्या बाजूला अरबी समुद्रात जातं. हुबळीच्या पूर्वेचा बेण्णीहळ्ळ मात्र मलप्रभेला मिळतो, मलप्रभा कृष्णेला, कृष्णा बंगालच्या उपसागराला. धारेवर ठेवलेल्या एका वर्तुळात दोन समुद्रांचं पाणी येतं. तिथे ‘कारखान्यापासून एक किलोमीटर’ याचा अर्थ पाण्यापुरता काहीच होत नाही.

पाण्याची स्क्रिप्ट प्रत्येक चौकोनाला विचारते, शेजारच्या आठांपैकी सगळ्यात तीव्र उतार कुठे? पाणी तिकडे. असं करत करत ओढे आपोआप उमटतात. मधे एखादा खोलगट चौकोन आला, ज्याच्या सगळ्या बाजू उंच आहेत, तर पाणी तिथेच अडकतं आणि पुढचा ओढा नाहीसा होतो. म्हणून आधी सगळे खड्डे भरून काढायची रीत आहे: खड्ड्यातली उंची इतकी वाढवायची की पाणी कडेच्या सगळ्यात सखल जागेवरून बाहेर पडेल. बहुतेक खड्डे मोजमापातल्या चुका असतात, ते भरलेले बरे. पण धारवाडात केळगेरी आहे, कन्नड कवी बेंद्र्यांचं घर ज्याच्या काठी होतं ते साधनकेरी आहे, हुबळीला उणकल आहे. हे तलाव चुका नाहीत. गंमत म्हणजे स्क्रिप्ट त्यांच्या बाबतीत जे करते ते भर पावसाळ्यात खरंच घडतं: तलाव भरतो आणि सांडव्यावरून वाहू लागतो. फेब्रुवारीत मात्र तलाव अर्धा असताना वरून आलेलं पाणी त्यातच थांबतं आणि खालचं बफर तोडावं लागतं. एकाच जागेची दोन ऋतूंत दोन बफरं.

महामार्ग ही आणखी एक डोकेदुखी. भरावावरचा रस्ता उंचीनकाशात बांधासारखा दिसतो, त्याखालची मोरी दिसत नाही. स्क्रिप्ट मग ओढ्याला रस्त्याच्या कडेने मैलभर फिरवते. उपाय एकच: मोऱ्या जागेवर जाऊन टिपायच्या आणि नकाशात तिथे भराव फोडायचा. हे काम कुठल्याही उपग्रहावर ढकलता येत नाही.

नदीकाठी तर अंतराचा प्रश्नच मागे पडतो, उंची पुढे येते. जमिनीचा प्रत्येक चौकोन पाणी ज्या ओढ्यात टाकतो त्या ओढ्यापेक्षा तो किती उंच आहे, हे काढायची पद्धत ब्राझीलच्या संशोधकांनी ॲमेझॉनच्या जंगलातल्या अभ्यासात २००८ च्या सुमारास पुढे आणली. पाच मीटरहून कमी ते सगळं एका रंगात. हेच आपले जलसंपदा खात्याचे लोक जुन्या पद्धतीने करत आले आहेत: सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, १०० वर्षांतून येणाऱ्या पुराची लाल. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ५५ फूट ओलांडले. धोक्याची पातळी ४३ ची. तेव्हा नदीपासून हाकेच्या अंतरावरची उंचवट्यावरची घरं कोरडी होती आणि शिरोळ तालुक्यात नदीपासून कितीतरी लांबची गावं पाण्यात. पट्टा मीटरमध्ये आखणाऱ्याला हे कधीच दिसलं नसतं.

मग सरकारं आणि न्यायालयं मीटरलाच का धरून बसतात? मे २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने बंगळूरच्या तलावांभोवती ७५ मीटर आणि राजकालव्यांना (पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या नाल्यांना) त्यांच्या आकाराप्रमाणे ५०, ३५, २५ मीटरचं बफर घालून दिलं. मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं, कारण शहराच्या आराखड्यात कायद्याने ठरलेली अंतरं लवादाला अशी बदलता येत नाहीत. वाद अधिकाराचा होता, भूगोलाचा नव्हता. तरीही ७५ मीटरची एक बाजू आहे, ती मान्य करायला हवी: ती टेपने मोजता येते. तलाठी, बिल्डर, शेतकरी, वकील, चौघांचं उत्तर सारखंच येतं. स्क्रिप्टचं बफर उंचीनकाशा बदलला की हलतं. आणि ३० मीटरच्या चौकोनात ७५ मीटर म्हणजे अडीच चौकोन. एवढ्यात कसली भूरूपाची जाण दाखवणार? नासाच्या शटलने फेब्रुवारी २००० मध्ये अकरा दिवसांत जगातल्या बहुतेक जमिनीची उंची मोजली, इस्रोचा कार्टोसॅट-१ हा उपग्रह मे २००५ मध्ये अवकाशात गेला, त्याचा उंचीनकाशा ‘भुवन’वर फुकट मिळतो. दोन्ही थोर कामं. पण शटलच्या रडारला झाडाचा शेंडा आणि जमीन वेगळी कळत नाही आणि उंचीतली चूक काही मीटरांची असते. सह्याद्रीच्या कड्यावर ती चालून जाते. धारवाडच्या पूर्वेच्या सपाटीवर दोन शेतांमधला फरकच त्या चुकीएवढा, तिथे ओढा कुठे वळेल हे नकाशाला विचारू नये, शेतकऱ्याला विचारावं.

कड्यावर मात्र हे तंत्र जीव वाचवू शकतं. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण डोंगराखाली गेलं, १५१ माणसं मेली. २०२१ मध्ये तळीये, २०२३ मध्ये इर्शाळवाडी. कड्याच्या पायापासून किती मीटर दूर घर असावं? उत्तर मीटरमध्ये नाही, कोनात आहे. स्विस भूगर्भशास्त्रज्ञ अल्बर्ट हाइम यांनी दरडींच्या अभ्यासातून पाहिलं की दरड जिथून सुटते आणि जिथे थांबते त्या दोन टोकांना जोडणाऱ्या रेषेचा आडव्याशी होणारा कोन उपयोगी पडतो. दरड मोठी, तेवढा कोन लहान. कोन २० अंश धरला आणि सुटण्याची जागा २०० मीटर उंच असली तर मलबा आडव्या अंतरात साडेपाचशे मीटर जाऊ शकतो. १०० मीटर उंच असली तर पावणेतीनशे. स्क्रिप्ट प्रत्येक घरावरून वर पाहते: या घरापासून वीस अंशांहून तीव्र कोनात, मलबा इकडेच येईल अशा नाळेत, सुटू शकेल असा उतार आहे का? असेल तर घर लाल.

तरीही अशी स्क्रिप्ट १६ जुलै २०२४ ला कमी पडली असती. अंकोला तालुक्यात शिरूरला राष्ट्रीय महामार्ग ६६ वर दरड कोसळली आणि रस्त्यावरच्या गाड्या-माणसांसकट गंगावळीत गेली. नदीतलं पाणी उसळून पलीकडच्या काठावरच्या उळुवरे गावात घुसलं, घरं मोडली. दरडीच्या कोनात उळुवरे नव्हतं. नदी मधे होती, आणि बफर काढणारा साधारणपणे नदीवर थांबतो. पाण्यात पडलेला मलबा किती पाणी सरकवेल, ती लाट समोरच्या काठावर किती चढेल, हा वेगळा हिशोब वेगळ्या ओळींत लिहावा लागतो, आणि तिथे पाणी चढतच नाही हा आपला मघाचा नियमही मोडतो.

म्हणून अशा नकाशावर नुसती रंगीत कड छापून भागत नाही. कोपऱ्यातल्या सूचीत एवढं तरी हवं: कुठला उंचीनकाशा आणि कुठल्या वर्षाचा, चौकोन केवढा, चालणारा जाताना की येताना आणि ओझं किती, तलाव भरलेला धरला की रिकामा, मोऱ्या कुणी आणि कधी टिपल्या. शिवाय खाली तुटक रेषेत ते जुनं एक किलोमीटरचं वर्तुळही ठेवावं. सभेत लोक आधी तेच शोधतात, आणि आपलं घर वर्तुळाच्या आत पण रंगाच्या बाहेर का, असं विचारायला उभे राहतात.